स्कॉटिश तलवार मागवण्याआधी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

‘क्लेमोर हवी आहे,’ असा फोन आला की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. दोन हातांनी धरायची की एका हाताने? जुन्या इंग्रजी याद्यांत या एकाच नावाखाली दोन निराळ्या तलवारी दाखवलेल्या असतात. त्यामुळे आधी एवढं ठरवा, मग किमतीचं बोलू.

दोन हातांची तलवार

ही स्कॉटलंडच्या उत्तर-पश्चिमेकडच्या डोंगराळ मुलखातली, म्हणजे हायलँड्समधली. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून सतराव्या शतकापर्यंत ती वापरात होती. लांबी साधारण 140 सेंमी, वजन अडीच किलोच्या आसपास. दहा-बारा किलोची तलवार कोणी लढाईत फिरवत नसे, आम्हीही तशी करून देत नाही. ओळखायची परजेवरून, म्हणजे मूठ आणि पातं यांच्यामधल्या आडव्या दांडीवरून. परजेचे दोन्ही हात पात्याच्या दिशेने तिरपे झुकलेले असतात आणि टोकाला चार पाकळ्यांचं पोकळ फूल असतं.

स्टर्लिंगच्या वॉलेस स्मारकातल्या 163 सेंमी लांब तलवारीचा फोटो बरेच जण पाठवतात. इंग्लंडविरुद्ध लढलेल्या विल्यम वॉलेस या स्कॉटिश योद्ध्याला 1305 मध्ये देहदंड झाला. ती तलवार आज आहे त्या रूपात त्याच्या काळातली नाही, असं जाणकारांचं मत आहे. तशी नक्कल हवी असेल तर जरूर करू, पण सोबतच्या कागदावर ‘तेरावे शतक’ लिहून मिळणार नाही.

जाळीच्या मुठीची तलवार

आमचा जीव खरा हिच्यात. स्कॉटिश तलवार म्हणून जगभर ओळखली जाते ती हीच. पातं सरळ, रुंद, बहुधा दुधारी आणि सुमारे 80 ते 85 सेंमी लांब. सगळी कारागिरी मुठीत. लोखंडाच्या पट्ट्या जोडून हाताभोवती पिंजरा केलेला असतो. मधल्या चपट्या पत्र्यांवर पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची आणि गोल छिद्रं कोरलेली असतात. वरच्या टोकाला पट्ट्या शंकूसारख्या गोळ्याच्या खाचेत बसतात. आत लाकडी मूठ, तिच्यावर माशाचं खरबरीत कातडं आणि पिळाची तार. पिंजऱ्याला आतून चामड्याचं अस्तर, त्यावर बहुतेकदा लाल कापड. बोटं लोखंडावर आपटू नयेत म्हणून ते असतं, निव्वळ शोभेसाठी नव्हे.

या मुठी स्टर्लिंग आणि ग्लासगोत घडत. स्टर्लिंगच्या वॉल्टर अॅलनचं काम आजही संग्राहक शोधत असतात. पाती मात्र बहुतेक जर्मनीतून, विशेषतः झोलिंगनहून येत. कितीतरी पात्यांवर ‘आंद्रेआ फेरारा’ हे इटालियन कारागिराचं नाव आहे. तो सोळाव्या शतकातला. त्याच्या मागून शंभर-दीडशे वर्षं जर्मन कारखाने त्याच्या नावाचा ठसा मारत राहिले, कारण नावाला गिऱ्हाईक होतं. आपल्याकडच्या फिरंगी तलवारीचीही हीच रीत : पातं युरोपातून आलेलं, मूठ इथली. म्हणून आम्ही सांगतो, तलवार कुठली हे मुठीला विचारा.

हायलँडर लढत ते असे : जवळ जाऊन बंदुकीची एक फैर झाडायची, बंदूक टाकायची आणि उजव्या हातात तलवार, डाव्या हातात गोल ढाल घेऊन धावून जायचं. 1689 मध्ये किलिक्रँकीला आणि 1745 मध्ये प्रेस्टनपॅन्सला सरकारी फौजेविरुद्ध हा हल्ला यशस्वी झाला. 16 एप्रिल 1746 रोजी कलोडनच्या पाणथळ माळावर तोफांपुढे तो मोडला. तिथे ब्रिटिश सरकारच्या सैन्याने गोळा केलेल्या हत्यारांत बंदुका 2,320 आणि तलवारी 190 होत्या. म्हणजे सगळे तलवारी उपसूनच लढत होते, हे चित्र खरं नाही. त्यानंतर हायलँडमध्ये शस्त्रबंदी कडक झाली. सरकारी फौजेतल्या हायलँड पलटणींत मात्र ही तलवार टिकली, आणि 1828 मध्ये ठरलेला अधिकाऱ्यांचा नमुना आजही संचलनात दिसतो.

आमचं काम आणि तुमची काळजी

आमच्या तलवारी नाटक, प्रदर्शन आणि संग्रहासाठी असतात. कडा बोथट असतात आणि धार लावून मिळत नाही, कृपया आग्रह करू नये. पात्याचं मुठीत जाणारं टोक आम्ही वरच्या गोळ्यातून आरपार काढून ठोकून बसवतो. बाजारातल्या स्वस्त तलवारीत ते अर्ध्यातच संपतं आणि मूठ डुगडुगायला लागते. घेताना तलवार हलवून पाहा, आवाज आला तर परत ठेवा. आमची असली तरी!

घरी आणल्यावर तलवार चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवू नका, गंज धरतो. पात्याला हात लागला की कोरड्या फडक्याने पुसा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात फिरवा. खोबरेल नको, ते चिकट होऊन धूळ धरतं. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात दर पंधरवड्याला एकदा बघा.

जाळीची मूठ मागवताना बोटांच्या मुळाशी तळहाताची रुंदी मोजून कळवा. हातमोजा घालून वापरणार असाल तर तेही सांगा, म्हणजे पिंजरा त्या मापाने मोठा करता येईल.