प्रोबेट चालू असताना वारशाचं घर विकणं (मुंबई)

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याची कोर्टाने दिलेली मोहोर, सोबत त्याच मृत्युपत्राची शिक्क्याची प्रत जोडलेली असते. ही मोहोर हातात पडायच्या आधीच, पिटिशन हायकोर्टाच्या टेस्टामेंटरी डिपार्टमेंटमध्ये (मृत्युपत्रांचं काम बघणारा विभाग) पडून असताना, वडिलांचा किंवा मावशीचा फ्लॅट विकायला काढणं हा मुंबईत अगदी नेहमीचा प्रकार आहे. विकता येतो का? कागदावर बऱ्याच वेळा हो, पण पूर्ण पैसे देणारा गिऱ्हाईक मिळत नाही, खरी अडचण तिथे आहे.

आधी हे मुंबईचंच दुखणं का ते बघू. भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 चा, त्यातलं कलम 213 म्हणायचं की मृत्युपत्रावरून मिळालेला हक्क प्रोबेटशिवाय कोर्टात सिद्ध करता येणार नाही. पण हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांना हे जुन्या बंगाल प्रांतापुरतं आणि मद्रास व मुंबई हायकोर्टांच्या मूळ दिवाणी हद्दीपुरतंच (जिथले दावे थेट हायकोर्टात चालतात तो शहरी भाग) लागू होतं, कारण त्याचं मूळ इंग्रजांच्या काळातल्या 1870 च्या हिंदू विल्स अ‍ॅक्टमध्ये आहे. पारशी लोकांनाही या शहरांत लागायचं, मुसलमानांना कधीच नव्हतं आणि भारतीय ख्रिश्चनांना 2002 च्या दुरुस्तीने सूट मिळाली. मुंबई हायकोर्टाची ही मूळ हद्द म्हणजे अख्खी बृहन्मुंबई, त्यामुळे मुलुंडच्या फ्लॅटला प्रोबेट लागायचं आणि चेकनाका ओलांडून ठाण्यात गेलात की नाही, दहिसरला हो आणि मीरा रोडला नाही (मृत्युपत्रही हद्दीबाहेर केलेलं असेल तर). मृत्युपत्र पुण्यात बसून केलं पण घर दादरचं, तरीही लागायचंच. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने कलम 213 काढूनच टाकलं. सक्ती गेली, पण प्रोबेट गेलं नाही, ज्याला हवं तो अजूनही घेऊ शकतो, आणि घर विकणाऱ्याकडे समोरचा वकील ते मागणार नाही असं मला तरी वाटत नाही.

आता विकण्याचा अधिकार कोणाचा. मृत्युपत्रात एक्झिक्युटर (मृत्युपत्राप्रमाणे सगळं पार पाडणारा माणूस) नेमलेला असेल तर माणूस गेल्या क्षणापासून मिळकत कायद्याने त्याच्या हातात येते (कलम 211) आणि विकण्याचा अधिकारही त्याला असतो (कलम 307), फक्त मृत्युपत्रातच विकायला बंदी घातली असेल तर प्रोबेट आणि कोर्टाची परवानगी दोन्ही लागतं. प्रोबेट मिळालं की त्याचा असर मागे, मृत्यूच्या दिवसापर्यंत जातो आणि मधल्या काळात एक्झिक्युटर म्हणून केलेली कामं पक्की होतात (कलम 227). म्हणजे प्रोबेटने अधिकार जन्माला येत नाही, असलेला अधिकार दाखवता येतो. एक्झिक्युटरच नेमलेला नसेल तर लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन (मिळकतीचा कारभार बघायला कोर्टाने दिलेलं अधिकारपत्र) घ्यावं लागतं, आणि ते घेणाऱ्याला घर विकायला किंवा 5 वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायलाही कोर्टाला विचारावं लागतं. न विचारता विकलं तर हितसंबंध असलेला कोणीही व्यवहार रद्द करून मागू शकतो.

व्यवहारात होतं काय, तर थेट खरेदीखत न करता साठेखत (पुढे विकण्याचा करार) करतात, त्यात अट असते की प्रोबेट आल्यावरच उरलेली रक्कम आणि ताबा, तोवर थोडाफार विसार. खरेदीदाराचा वकील पेपरात जाहीर नोटीस देतो, 14 दिवसांत हरकती मागवतो आणि सगळ्या वारसांना कन्फर्मिंग पार्टी (विक्रीला मान्यता देणारे) म्हणून सही करायला लावतो, मग त्यातला एक न्यू जर्सीला असला तरी, तिथून नोटरी आणि अपॉस्टिल (परदेशी कागद खरा असल्याचा तिथल्या सरकारचा दाखला) होऊन कागद येईपर्यंत सगळे ताटकळत. बँका तर टायटल साफ नसेल तर लोन देत नाहीत, मग रोखीवाला गिऱ्हाईकच उरतो आणि तो भाव पाडून मागणार हे काय सांगायला हवं!

सगळ्या वारसांनी संमतीचं अ‍ॅफिडेव्हिट दिलं तर पिटिशन सरळ पुढे सरकतं. पण एखाद्या भावाने कॅव्हिएट (मला ऐकल्याशिवाय प्रोबेट देऊ नका अशी हरकत) टाकून विरोध केला की त्याच पिटिशनचा दावा होतो, साक्षीपुरावे, उलटतपासणी, आणि मग वर्षांची गणती करू नये. अशा वेळी कोर्ट कलम 247 खाली तात्पुरता अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नेमू शकतं, तो घर सांभाळतो पण वाटण्या करू शकत नाही. आणि एवढं सगळं होऊनही प्रोबेट कोर्ट फक्त मृत्युपत्र खरं की खोटं तेवढंच बघतं, घर मुळात वडिलांचं होतं का हा प्रश्न तिथे सुटत नाही.

सोसायटीतल्या नॉमिनेशनचा गोंधळ वेगळाच. नॉमिनी म्हणजे मालक हा गैरसमज अजून घट्ट आहे, पण तो वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात 2019 पासून नॉमिनीला फक्त तात्पुरता सभासद करतात, खरे वारस ठरेपर्यंत, त्यामुळे नुसत्या शेअर सर्टिफिकेटवर नाव चढलंय म्हणून त्याच्याकडून फ्लॅट घेऊ नये. पागडीच्या खोलीचं तर मृत्युपत्रच करून उपयोग नाही, भाडेकरूचा कायदेशीर हक्क मृत्युपत्राने देता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने 1980 च्या दशकातच सांगितलंय.

गोव्यात हे गणितच बदलतं, तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या पद्धतीने इन्व्हेंटरी प्रोसिडिंग (कोर्टात मिळकतीची यादी करून वाटणी) चालतं आणि मुलंबाळं असतील तर आपल्या वाट्याच्या निम्म्यापेक्षा जास्त मृत्युपत्राने देताच येत नाही.

टॅक्सचं बोलायचं तर वारसा कर भारतात 1985 पासून नाही, पण विकल्यावर कॅपिटल गेन (विक्रीच्या नफ्यावरचा कर) लागतो. किंमत धरायची ती आधीच्या मालकाने मोजलेली, आणि घर 2001 च्या आधीचं असेल तर 1 एप्रिल 2001 ची बाजारकिंमत धरता येते. 23 जुलै 2024 पासून दर 12.5 टक्के, पण घर त्याआधीचं असेल तर इथे राहणाऱ्या माणसाला इंडेक्सेशनसह (महागाईप्रमाणे खरेदी किंमत वाढवून) 20 टक्क्यांचा जुना हिशोबही करून बघता येतो, जो कमी येईल तो. परदेशातल्या वारसाला ही सवलत नाही. आणि वाटणी व्हायच्या आधीच एक्झिक्युटरने घर विकलं तर तो नफा त्याच्या स्वतःच्या रिटर्नमध्ये दाखवायचा नसतो, गेलेल्या माणसाच्या इस्टेटचं वेगळं रिटर्न भरावं लागतं, आणि हे बहुतेकांना नोटीस आल्यावर कळतं.