बारा व्होल्ट दिसतात, तरी सेल्फ का उचलत नाही?

जुनी गाडी बाळगणाऱ्यांचा एक युक्तिवाद ठरलेला असतो. चावी फिरवली, नुसतं ‘टक्’ झालं, इंजिन जागचं हललं नाही. मालक हॉर्न दाबतो, तो वाजतो. हेडलाइट लावतो, ते लागतात. शेजारच्या हौशी माणसाकडे मल्टिमीटर असतो. बॅटरीला लावला की तो 12.6 व्होल्ट दाखवतो. म्हणजे बॅटरी ठणठणीत आणि दोष सेल्फचा, म्हणजे इंजिन फिरवून देणाऱ्या मोटरचा! सेल्फ उतरवून ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेला जातो. तो बाकड्यावरच बॅटरीला जोडून भर्रकन फिरवून दाखवतो. मग संशय परत बॅटरीवर. नवी बॅटरी येते, काही दिवस गाडी निमूट चालते आणि एका सकाळी पुन्हा ‘टक्’.

पद्मिनी घ्या, अम्बॅसेडर घ्या नाहीतर जुनी जीप, कथा हीच. मुंबईतल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली, अम्बॅसेडरचं उत्पादन तर 2014 मध्येच थांबलं. पण वडिलांची गाडी म्हणून, किंवा निव्वळ हौसेखातर, या गाड्या जपणारे कमी नाहीत. त्यातल्या बऱ्याच जणांकडे मीटरही असतो. फक्त तो चुकीच्या वेळी लावला जातो.

आधी एक गोष्ट वेगळी काढू. इंजिन सेल्फवर फिरतंय पण पेटत नाही, हा पेट्रोलचा, प्लगचा, पॉइंटचा नाहीतर कॉइलचा विषय. इथे इंजिन फिरतच नाही. अशा वेळी कार्ब्युरेटर उघडून बसणाऱ्यांना हात जोडावेत. इंजिन मुळात मोकळं आहे ना, एवढं मात्र बघून घ्यावं: इग्निशन बंद ठेवून टॉप गिअर टाकायचा आणि गाडी पुढे-मागे हलवायची. पुली फिरली तर इंजिन जाम नाही, आणि आता प्रश्न विजेचा.

या विजेच्या प्रश्नाचं मूळ सेल्फच्या जन्मातच आहे. पूर्वी पुढून लोखंडी हँडल मारून इंजिन फिरवावं लागे आणि इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडे. विजेची मोटर लावायची कल्पना नवी नव्हती, पण ती मोटर अवाढव्य होईल अशी समजूत होती. चार्ल्स केटरिंग हा अमेरिकन अभियंता आधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला मोटर बसवण्याच्या कामात होता. गल्ल्याची मोटर क्षणभरच चालते, हे त्याने तिथे पाहिलेलं. काही सेकंदांचंच काम असेल तर छोट्या मोटरमधून तिच्या ऐपतीच्या कितीतरी पट करंट ढकलता येतो. ती तापून जळायच्या आत काम उरकलेलं असतं. या विचारावर त्याने 1911 साली सेल्फ बनवला आणि 1912 च्या कॅडिलॅकवर तो बसून आला. आजही सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये म्हणतात, ते याचसाठी. आणि या युक्तीची किंमत म्हणजे प्रचंड करंट. हॉर्नला चार-पाच अँपिअर पुरतात, दोन हेडलाइटना नऊ-दहा. सेल्फला सुरुवातीच्या क्षणी तीनशेच्या घरात लागतात.

आता शाळेतला ओहमचा नियम काढा. हिशेब सोपा व्हावा म्हणून गोल आकडे घेतो. बॅटरीचा स्वतःचा अंतर्गत रोध 0.01 ओहम. केबल आणि थांबलेला सेल्फ मिळून 0.03 ओहम. एकूण 0.04. मग 12.6 भागिले 0.04, म्हणजे 315 अँपिअर. इंजिन उचललं जातं.

समजा बॅटरीच्या टर्मिनलवरचा क्लॅम्प आतून गंजला आणि त्या एका सांध्यात आणखी 0.04 ओहम रोध आला. हा रोध इतका किरकोळ आहे की साधा मल्टिमीटर ओहमच्या रेंजवर ठेवलात तर त्याला तो दिसणारच नाही, कारण मीटरच्या दोन वायरींचा रोध याहून जास्त असतो. हेडलाइटचा करंट या सांध्यातून गेला तर जेमतेम 0.4 व्होल्ट कमी होतात. डोळ्याला फरक कळत नाही. हॉर्नचं तर विचारूच नका. पण सेल्फच्या वाटेवरचा एकूण रोध 0.04 वरून 0.08 झाला. करंट निम्मा, 157 अँपिअर. त्यातले 6.3 व्होल्ट, म्हणजे अर्धी बॅटरी, त्या सांध्यातच खर्ची पडतात, आणि तिथे जवळजवळ एक किलोवॅट उष्णता तयार होते. ‘टक्’ झाल्यावर लगेच क्लॅम्पला बोट लावून पाहिलं तर चटका बसतो तो यामुळे.

माझा आवडता भाग यापुढे आहे. बहुतेक जुन्या गाड्यांचा सेल्फ सीरीज पद्धतीचा असतो: चुंबक तयार करणाऱ्या फील्ड कॉइलमधून आणि फिरणाऱ्या आर्मेचरमधून एकच करंट एकापाठोपाठ जातो. मोटरचा पीळ, म्हणजे टॉर्क, हा चुंबकाची ताकद गुणिले आर्मेचरचा करंट. दोन्ही एकाच करंटवर अवलंबून, म्हणून पीळ करंटच्या वर्गाच्या प्रमाणात. करंट निम्मा झाला की पीळ चौथाई! (मोठ्या करंटला लोखंडाची चुंबकीय क्षमता संपत येते, तेव्हा हा वर्गाचा नियम थोडा ढिला पडतो. प्रत्यक्षात पीळ तिसऱ्या हिश्श्यावर येतो म्हणा. इंजिनाला त्याने काही फरक पडत नाही, ते हलत नाहीच.)

शिवाय मोटर एकदा फिरायला लागली की ती जनित्रासारखी वागून उलटा दाब निर्माण करते आणि करंट आपोआप शंभर-दीडशेवर उतरतो. त्यामुळे सगळी परीक्षा पहिल्या अर्ध्या फेरीची. थांबलेल्या इंजिनाचा तो पहिला अडसर पार झाला नाही, तर उलटा दाब तयारच होत नाही. करंट चढाच राहतो, सांधा तापत राहतो, आणि मोटर जागच्या जागी कण्हत बसते.

बॅटरीवरचे 12.6 व्होल्ट खोटे नसतात. ते करंट वाहत नसतानाचे असतात, इतकंच. चाळीतल्या वरच्या मजल्यावरच्या नळाचा दाब तोटी बंद असताना मोजण्यासारखं हे आहे. म्हणून नियम एकच: मोजमाप सेल्फ मारत असताना घ्यायचं.

ते कसं? गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. कॉइलवरून डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी बारीक वायर काढून ठेवायची, म्हणजे इंजिन फिरलं तरी पेटणार नाही. मीटर 20 व्होल्ट डीसीवर. दुसऱ्या माणसाने चावी फिरवायची. आधी मीटरची दोन्ही टोकं बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर टेकवा, क्लॅम्पवर नाही, खुद्द खुंट्यांवर. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरी संपली आहे किंवा म्हातारी झाली आहे. वरच्या उदाहरणात मात्र तिथे चक्क 11 व्होल्ट दिसतील, आणि त्याच क्षणी गाडीचे लाइट पाच व्होल्टांवर मिणमिणत असतील. लाइट मंद झाले म्हणून बॅटरी बदलणारे नेमके इथे फसतात. आता एक टोक खुंटीवर आणि दुसरं त्याच खुंटीवरच्या क्लॅम्पवर ठेवा. दोघांत एका मिलिमीटरचंही अंतर नाही, तेव्हा आकडा शून्यच हवा. तिथे सहा व्होल्ट दिसले की चोर सापडला. अशीच मजल-दरमजल करत सेल्फच्या बोल्टपर्यंत जायचं. पूर्ण पॉझिटिव्ह वाटेवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आणि अर्थच्या, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणाऱ्या, वाटेवर पाव व्होल्टपेक्षा जास्त गळती खपवून घेऊ नये.

यातली गंमत अशी की जो रोध ओहममीटरला मोजता येत नाही, तो सेल्फच्याच करंटकडून मोजून घेतला. मोठा करंट एका वाटेने, मोजणारा मीटर वेगळ्या दोन टोकांवर. मीटरच्या वायरींतून जवळजवळ करंटच जात नाही, म्हणून त्यांचा रोध आड येत नाही. अत्यल्प रोध मोजण्याची ही चार-तारी पद्धत प्रयोगशाळांत लॉर्ड केल्व्हिनच्या नावाने ओळखली जाते.

सांधा गंजतो म्हणजे काय, तेही जरा बघू. दोन धातू घट्ट आवळले तरी ते सगळीकडे चिकटत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही पृष्ठभाग डोंगराळ असतात आणि डोंगरांची टोकं तेवढी एकमेकांना टेकतात. सगळा करंट त्या मोजक्या टोकांतून आकसून जातो. या आकसण्याचाही रोध असतो; रॅगनर होल्म या स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञाने त्याचा सखोल अभ्यास केला. बॅटरीतून झिरपणारं ॲसिड शिशाशी मिळून लेड सल्फेटचा पांढरट थर करतं, आणि हा थर वीज जवळजवळ वाहू देत नाही. तो टोकांच्या मधे शिरला की टेकणाऱ्या जागा कमी होतात, उरलेल्या तापतात, धातू फुगून-आकसून क्लॅम्प सैल होतो, ॲसिडला आणखी वाट मिळते. वरून क्लॅम्प चकचकीत, आतून थर. नवी बॅटरी टाकताना क्लॅम्प निघतो, खरवडला जातो, म्हणून गाडी काही दिवस चालते. श्रेय बॅटरीला.

उपाय फुकटातला आहे. आधी निगेटिव्ह क्लॅम्प काढायचा, मग पॉझिटिव्ह. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवायचं (ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ द्यायचं नाही), पॉलिश पेपरने खुंटी आणि क्लॅम्पची आतली बाजू घासायची, आवळायचं, आणि मग वरून व्हॅसलीन. आधी नाही.

दुसरा ठरलेला गुन्हेगार म्हणजे अर्थची पट्टी. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे ज्या गाडीत बॅटरीचा अर्थ बॉडीला आहे तिथे इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी लागते. कधीतरी इंजिन उतरवताना ती काढली जाते आणि परत लावायची राहते, किंवा रंगकामाच्या वेळी तिच्या खाली रंग बसतो. मग शेकडो अँपिअर दुसरी वाट शोधतात: चोकची किंवा ॲक्सिलरेटरची केबल! सेल्फ मारताना डॅशबोर्डवरच्या चोकच्या खुंटीला ऊब लागली किंवा तिथून धूर आला, तर मीटरसुद्धा काढू नका. सरळ गाडीखाली जाऊन पट्टी बघा.

इथे एक टोला हाणल्याशिवाय राहवत नाही. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतात, छान दिसतो, माझी तक्रार नाही. पण सेल्फ उचलत नाही म्हणून दृष्ट काढून बंपरला लिंबू-मिरची बांधणारा माणूस आणि बॅटरीला ‘संजीवनी’ देणारी पुडी विकत घेणारा माणूस यांत मला फारसा फरक वाटत नाही. लिंबाचा खरा उपयोग हिरवट पडलेली तांब्याची पट्टी घासायला होईल, तेही नंतर स्वच्छ पाण्याने धुतलं तर. बाजारात मिळणाऱ्या जाडजूड स्वस्त केबलींचंही तसंच. कित्येकदा जाडी प्लास्टिकची असते आणि आत तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. सुरीने एक तार खरवडली की पांढरा धातू दिसतो.

आवाजावरून बरंच कळतं. चावी फिरवल्यावर काहीच आवाज नाही आणि लाइटही मंद होत नाहीत, म्हणजे करंट निघतच नाही. इग्निशन स्विच किंवा सॉलेनॉइडची (सेल्फचा मोठा करंट जोडणाऱ्या चुंबकी स्विचची) बारीक वायर बघा. टक-टक-टक अशी घाई असेल तर सॉलेनॉइड ओढला जातोय, त्या ओझ्याने व्होल्टेज पडतंय, तो सुटतोय, व्होल्टेज सावरतंय, पुन्हा ओढला जातोय: बॅटरी उतरलेली किंवा सांधा खराब. घर्र असा मोकळा आवाज आणि इंजिन स्थिर, तर बेंडिक्स, म्हणजे सेल्फला इंजिनाच्या दात्यांत गुंतवणारा भाग. जुन्या लुकास पद्धतीच्या सेल्फमध्ये पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, आट्यांच्या दांड्यावर सैल बसलेलं असतं. दांडा झटक्यात फिरतो, पिनियन जडत्वामुळे मागे राहतं, आणि म्हणूनच आट्यांवरून सरकत फ्लायव्हीलच्या दात्यांत जाऊन बसतं. न्यूटनचा पहिला नियम इतक्या स्वस्तात कामाला लावलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. तिथे ऑइल सोडलं की क्लचची धूळ चिकटून लगदा होतो आणि पिनियन सरकत नाही. हा भाग पेट्रोलने धुऊन कोरडाच ठेवायचा. पिनियन दात्यांत अडकलंच, तर अशा सेल्फच्या मागच्या टोकाला पत्र्याची टोपी असते. तिच्याखाली दांड्याचं चौकोनी टोक मिळतं, पान्याने फिरवलं की सुटतं.

राहिला एकच खणखणीत ‘टक्’, बॅटरी-केबल सगळं तपासून ठीक. आता मीटर सॉलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांवर लावा. चावी फिरवण्याआधी 12.6 दिसतील, ‘टक्’ झाल्यावर आकडा शून्याजवळ यायला हवा. शून्याजवळ आला आणि सेल्फ तरीही गप्प, तर कार्बन, म्हणजे फिरणाऱ्या आर्मेचरला करंट पोचवणारे तुकडे, झिजलेत. पान्याने सेल्फला टोला मारल्यावर एखाद्या वेळी तो चालतो, कारण अडकलेला कार्बन क्षणभर कॉम्युटेटरला (आर्मेचरवरच्या तांब्याच्या कड्याला) टेकतो. आकडा बराचसा तसाच राहिला, तर आतले संपर्क जळालेत. सॉलेनॉइडमध्ये तांब्याची एक चकती दोन बोल्टांना जोडते आणि प्रत्येक वेळी ठिणगी तिचा थोडा भाग खाते. झाकण स्क्रूने बसवलेलं असेल तर चकती काढून उलटी बसवा आणि बोल्टांची डोकी कानशीने सपाट करा, काम भागतं. रिव्हेट मारलेलं असेल तर फोडत बसू नका, नवा घ्या.