चीनचा बॉम्ब आणि अमेरिकेने टाळलेला हल्ला

जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या बी-२ विमानांनी इराणच्या फोर्डो अणुकेंद्रावर बॉम्ब टाकले, तेव्हा सगळ्या चर्चांत एकच प्रश्न घोळत होता. शत्रूचा अणुकार्यक्रम वेळीच उद्ध्वस्त करावा, की बॉम्ब होऊ द्यावा आणि मग त्याला धाकात ठेवावे? अशा वेळी बहुतेकांना १९८१ चा इस्रायलचा इराकच्या ओसिराक अणुभट्टीवरचा हल्ला आठवतो. मला त्याच्या सतरा वर्षे आधीचे प्रकरण जास्त बोलके वाटते. त्यात हल्ला झालाच नाही. हल्ला का करू नये यावर मात्र वॉशिंग्टनमध्ये जवळजवळ दोन वर्षे खल चालला होता, आणि ती कागदपत्रे आता गोपनीय राहिलेली नाहीत.

लक्ष्य होते माओचा चीन. कोरियाच्या युद्धात अमेरिकेने अण्वस्त्रांची धमकी दिली होती, आणि मग तैवानच्या सामुद्रधुनीत संकट उभे राहिले. त्यानंतर जानेवारी १९५५ मध्ये माओने बॉम्ब करायचे ठरवले. ऑक्टोबर १९५७ च्या करारात मॉस्कोने नमुन्याचा बॉम्बसुद्धा देऊ केला, पण जून १९५९ मध्ये हात वर केले. वर्षभरात रशियन तंत्रज्ञ आराखडे गुंडाळून मायदेशी गेले. चिन्यांनी आपल्या प्रकल्पाला नावच ‘५९६’ दिले: वर्ष ५९, महिना ६. देशात उपासमारीने कोट्यवधी माणसे मरत असतानाही ते काम थांबले नाही.

अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना या बॉम्बची धास्ती फार होती. क्यूबाचे संकट नुकतेच निभावले होते. सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्ह निदान माघार घेतो, माओचे काय सांगावे, असा वॉशिंग्टनचा सूर होता. एप्रिल १९६३ मध्ये तिन्ही दलांच्या प्रमुखांनी संरक्षणमंत्री मॅक्नमारांना पर्यायांची जंत्री दिली. राजनैतिक दबावापासून सुरू झालेली ती यादी घातपात, नाकेबंदी, बॉम्बफेक असे करत थेट छोट्या अण्वस्त्राने हल्ल्यापर्यंत जाते. शत्रूकडे अण्वस्त्र येऊ नये म्हणून आपणच अण्वस्त्र वापरायचे! अर्थात लष्करी नियोजनात असे सगळे पर्याय मांडायची पद्धत असते, म्हणून यावरून लगेच कोणाला युद्धखोर ठरवायला नको.

जुलै १९६३ मध्ये केनेडींचे दूत अॅव्हरेल हॅरिमन अणुचाचणीबंदीच्या वाटाघाटींसाठी मॉस्कोला गेले. केनेडींनी त्यांना लेखी सूचना पाठवली होती: चीनला रोखण्यासाठी सोव्हिएत संघ स्वतः काही करील का, किंवा अमेरिकेने केले तर खपवून घेईल का, याचा ख्रुश्चेव्हकडून अंदाज घ्या. ख्रुश्चेव्हने या विषयात रसच दाखवला नाही. माओशी त्याचे वाकडे आले होते हे खरे, पण एका कम्युनिस्ट देशावर हल्ला करायला भांडवलदारांच्या पंगतीला बसणे त्याला परवडणारे नव्हते.

मग तैवानची वाट चाचपून झाली. सप्टेंबर १९६३ मध्ये तैवानचा अध्यक्ष च्यांग कै-शेक याचा मुलगा च्यांग चिंग-कुओ वॉशिंग्टनला आला आणि मुख्य भूमीवर घातपाती तुकड्या उतरवायची योजना त्याने मांडली. बाओतोउच्या अणुकेंद्रापर्यंत विमानाने तीनशे ते पाचशे माणसे नेता येतील का, असे केनेडींनी त्याला विचारले. बाओतोउ आहे इनर मंगोलियात, तैवानपासून दीड हजार किलोमीटरच्याही पलीकडे. विमाने वाटेत पाडली जातील ही शंका खुद्द केनेडींनीच काढली. दोन वर्षांपूर्वी क्यूबावरच्या चढाईत, बे ऑफ पिग्जला, झालेली फजिती ते विसरले नसावेत.

बाओतोउच का? या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा धागा हाच आहे. उपग्रहांची छायाचित्रे आणि तैवानी वैमानिकांनी यू-२ या टेहळणी विमानांतून घेतलेली छायाचित्रे पाहून सीआयएने ठरवले होते की चीनचा पहिला बॉम्ब प्लुटोनियमचा असणार आणि त्याची अणुभट्टी बाओतोउला असणार. प्रत्यक्षात तिथे इंधन तयार करण्याचा कारखाना होता. बॉम्बसाठीचे युरेनियम शुद्ध होत होते पीत नदीकाठी, लान्झोउला. तो कारखाना अमेरिकेला दिसत होता, छायाचित्रांत मोजलाही होता. पण एवढ्या इमारतीत बॉम्बच्या दर्जाचे युरेनियम निघणे शक्य नाही, त्याला अजून काही वर्षे लागतील, असे मानून तो बाजूला ठेवला गेला. जानेवारी १९६४ मध्ये तिथून पहिले बॉम्बच्या दर्जाचे युरेनियम बाहेर पडले. केनेडी किंवा त्यांच्यानंतरचे अध्यक्ष जॉन्सन यांनी बाओतोउवर हल्ला केला असता तर तो निष्फळ ठरला असता, आणि पहिला बॉम्ब बहुधा ठरल्या वेळीच फुटला असता.

हे त्या वेळी कोणालाच माहीत नव्हते. परराष्ट्र खात्याच्या धोरण-नियोजन विभागातल्या रॉबर्ट जॉन्सन यांना मात्र अशा चुकीची भीती वाटत होती. (अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्याशी आडनावापलीकडे त्यांचा संबंध नाही.) एप्रिल १९६४ मध्ये त्यांनी थेट कारवाईबद्दल टिपण लिहिले. सगळी केंद्रे आपल्याला सापडली आहेत याची खात्री कधीच देता येणार नाही. सापडली तरी हल्ल्याने कार्यक्रम फार तर चार-पाच वर्षे मागे जाईल. चीन ती पुन्हा उभारील, या वेळी लपवून आणि जास्त ईर्षेने. आणि मुळात चिनी बॉम्बने आशियातले बळाचे गणित बदलणार किती? अमेरिकेचा अण्वस्त्रसाठा एवढा अवाढव्य की माओने पहिला वार करणे म्हणजे आत्महत्या ठरेल. थोडक्यात, फायदा एवढा मोठा नाही की त्यासाठी युद्धाचा धोका पत्करावा. फोर्डोवरच्या चर्चेत दोन्ही बाजूंनी जे मुद्दे मांडले गेले, त्यांतले बहुतेक या जुन्या टिपणात आहेत.

निर्णय झाला तो १५ सप्टेंबर १९६४ ला. परराष्ट्रमंत्री डीन रस्क, मॅक्नमारा, सीआयएचे प्रमुख मॅकोन आणि राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडी यांनी दुपारच्या जेवणावर चर्चा केली आणि नंतर अध्यक्षांची संमती घेतली. बंडींच्या नोंदीचा सारांश असा: चीनने आगळीक केली नसताना आपण एकट्याने हल्ला करायचा नाही, त्यापेक्षा चाचणी झालेली परवडेल. मात्र इतर कारणाने चीनशी युद्ध जुंपलेच तर या केंद्रांचा विचार करायचा, आणि दरम्यान रशियाला पुन्हा विचारून पाहायचे. दहा दिवसांनी बंडींनी सोव्हिएत राजदूत डोब्रिनिन यांच्याकडे विषय काढला. चीनचा बॉम्ब होणार हे आम्ही धरूनच चाललो आहोत, अशा थाटात डोब्रिनिन यांनी तो उडवून लावला. तारखेकडेही पाहायला हवे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेत मतदान होते आणि प्रतिस्पर्धी गोल्डवॉटर युद्धखोर, आपण शांततावादी, असा जॉन्सन यांचा प्रचार चालला होता. बंडींच्या नोंदीत निवडणुकीचे नाव नसले तरी ती कोणाच्या मनात नसेल, हे मला खरे वाटत नाही.

१६ ऑक्टोबर १९६४ ला दुपारी तीन वाजता शिनजियांगमधल्या लोप नोरच्या वाळवंटात १०२ मीटर उंच लोखंडी मनोऱ्यावर बॉम्ब फुटला. ताकद सुमारे २२ किलोटन. त्याच सुमारास ख्रुश्चेव्हची उचलबांगडी झाल्याची बातमी जगाला कळत होती. हवेतले कण गोळा करून तपासल्यावर अमेरिकेला कळले की बॉम्ब युरेनियमचा आहे, आणि मग लान्झोउची छायाचित्रे पुन्हा टेबलावर आली.

आपल्याकडे या स्फोटाचे हादरे वेगळ्या तऱ्हेने बसले. ६२ चा पराभव ताजा होता आणि नेहरू मे महिन्यात गेले होते. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण सव्वाआठ लाख सैन्याची पंचवार्षिक योजना अमलात आणत होते, पण त्या योजनेत अणुबॉम्बला उत्तर नव्हते. २४ ऑक्टोबरला होमी भाभा आकाशवाणीवरून बोलले. दहा किलोटनच्या स्फोटाला साधारण साडेसतरा लाख रुपये लागतात, असा आकडा त्यांनी दिला. तो शांततामय स्फोटांसाठीच्या अमेरिकी दरांवरून घेतलेला होता. अणुभट्टी, तुर्भ्याचा प्लुटोनियम प्रकल्प, विमाने, क्षेपणास्त्रे यांचा खर्च त्यात नव्हता, आणि भाभांना हे कळत नव्हते असे कोण म्हणेल? शास्त्रींनी बॉम्बला नकार दिला, डिसेंबरमध्ये लंडनला जाऊन अण्वस्त्रधारी देशांच्या हमीचा विषय काढला आणि भाभांना शांततामय स्फोटाच्या अभ्यासाची मुभाही दिली. ती वाट दहा वर्षांनी, १८ मे १९७४ ला, पोखरणला पोहोचली.

चीनवर नजर ठेवण्यात मात्र भारत अमेरिकेचा भागीदार झाला. मे १९६४ मध्ये ओडिशातल्या चारबातियाच्या धावपट्टीवरून सीआयएचे यू-२ विमान चीनच्या दिशेने झेपावले होते. १९६५ मध्ये चिनी क्षेपणास्त्र चाचण्यांचे संदेश टिपण्यासाठी प्लुटोनियमवर चालणारे यंत्र नंदादेवीवर न्यायचा घाट घातला गेला. हवामान बिघडल्याने ते वाटेतच बांधून ठेवावे लागले. पुढच्या वर्षी गिर्यारोहक परतले तर ते जागेवर नव्हते. १९७८ मध्ये बातमी फुटल्यावर पंतप्रधान मोरारजी देसाई यांना संसदेत निवेदन करावे लागले. ते यंत्र आजवर मिळालेले नाही.

चिनी स्फोटानंतर अमेरिकेने नेम बदलला. एकेका देशामागे लागण्याऐवजी सगळ्यांनाच बांधणारा करार हवा, असे मत तिथे बळावले आणि १ जुलै १९६८ ला अण्वस्त्रप्रसारबंदी करार सह्यांसाठी खुला झाला. १ जानेवारी १९६७ पूर्वी ज्यांनी स्फोट केला तेच अधिकृत अण्वस्त्रधारी, या व्याख्येत चीन बसला आणि भारत बाहेर राहिला.

पुढच्याच वर्षी पारडे फिरले. मार्च १९६९ मध्ये उसुरी नदीतल्या बेटावरून चिनी आणि सोव्हिएत सैनिकांत गोळीबार झाला. १८ ऑगस्टला वॉशिंग्टनमध्ये जेवताना सोव्हिएत वकिलातीतल्या बोरिस डेव्हिडोव्ह यांनी परराष्ट्र खात्याच्या एका अधिकाऱ्याला विचारले: सोव्हिएत संघाने चीनच्या अणुकेंद्रांवर हल्ला केला तर अमेरिका काय करील? सहा वर्षांपूर्वी हॅरिमन मॉस्कोला हाच प्रश्न घेऊन गेले होते. आता नकाराची पाळी अमेरिकेची होती. चीनचा चुराडा होणे अमेरिकेच्या हिताचे नाही, असे अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी चार दिवस आधीच आपल्या सुरक्षा परिषदेला सांगितले होते. सप्टेंबरमध्ये सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन आणि चिनी पंतप्रधान चौ एन-लाय बीजिंगच्या विमानतळावर भेटले आणि सीमेवरचा ताण थोडा सैलावला. तोवर चीनकडे हायड्रोजन बॉम्बही आला होता. फेब्रुवारी १९७२ मध्ये निक्सन माओला भेटायला बीजिंगला गेले.