मकरसंक्रांत, उत्तरायण आणि वीस मिनिटांचा हिशेब

दर वर्षी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दोन विधाने हमखास वाचायला मिळतात. एक म्हणजे मकरसंक्रांतीला सूर्याचे उत्तरायण सुरू होते, आणि दुसरे म्हणजे पानिपतची तिसरी लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली. दोन्ही विधाने चुकीची आहेत आणि दोन्ही चुकांच्या मुळाशी एकच खगोलीय घटना आहे.

सूर्य आकाशात सर्वांत दक्षिणेला पोहोचतो तो २१ किंवा २२ डिसेंबरला. उत्तर गोलार्धातला सर्वांत लहान दिवसही तोच असतो आणि तेथूनच सूर्य उत्तरेकडे सरकू लागतो, म्हणजे उत्तरायण सुरू होते. १४ किंवा १५ जानेवारी उजाडेपर्यंत तो सुमारे दोन अंश उत्तरेला आलेला असतो. हे अंतर सूर्यबिंबाच्या दृश्य व्यासाच्या जवळपास चौपट असल्यामुळे, मावळतीच्या क्षितिजावरील एखादे झाड किंवा सुळका खूण म्हणून धरून रोज पाहणाऱ्याला ते कोणत्याही उपकरणाशिवाय कळते. तरीही संक्रांत आणि उत्तरायण यांची सांगड आपल्या मनात पक्की बसलेली आहे, आणि तिला इतिहासाचा आधारही आहे.

संक्रांत म्हणजे सूर्याचा एका राशीतून दुसऱ्या राशीत प्रवेश. आपल्या पंचांगांतील राशी निरयन असतात. म्हणजे सूर्याच्या वार्षिक मार्गाचे, क्रांतिवृत्ताचे, प्रत्येकी ३० अंशांचे बारा भाग तारकांच्या संदर्भाने स्थिर धरलेले असतात. उत्तरायण मात्र तारकांवर अवलंबून नसते. पृथ्वीचा कललेला अक्ष सूर्याच्या संदर्भात कोणत्या दिशेला झुकला आहे, यावर ते ठरते. मार्चमध्ये सूर्य विषुववृत्त ओलांडून उत्तरेला येतो तो क्षण, आणि क्रांतिवृत्तावरचा तो बिंदू, म्हणजे वसंतसंपात. एका वसंतसंपातापासून पुढच्या वसंतसंपातापर्यंतचे ऋतूंचे वर्ष ३६५.२४२२ दिवसांचे असते, तर त्याच तारकेपाशी सूर्य परत येण्यास ३६५.२५६४ दिवस लागतात. या दोन वर्षांत सुमारे २० मिनिटांचा फरक आहे आणि या लेखाचा सारा विषय त्या वीस मिनिटांत सामावलेला आहे.

हा फरक पडतो, कारण पृथ्वीचा अक्ष अवकाशात एकाच दिशेला रोखलेला राहत नाही. स्वतःभोवती फिरत असल्यामुळे पृथ्वी मध्यभागी फुगलेली आहे. तिचा विषुववृत्तीय व्यास ध्रुवीय व्यासापेक्षा सुमारे ४३ किलोमीटरने अधिक आहे. अक्ष २३.४ अंशांनी कललेला असल्याने हा फुगवटा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीत बसत नाही. फुगवट्याची सूर्याकडील बाजू किंचित जास्त जोराने ओढली जाते, पलीकडील बाजू किंचित कमी जोराने, आणि या असमान ओढीचा परिणाम म्हणून पृथ्वीला सरळ उभे करू पाहणारा पीळ, म्हणजेच बलआघूर्ण, निर्माण होतो. संपाताच्या दिवशी, म्हणजे मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र समान असतात तेव्हा, सूर्य विषुववृत्ताच्या पातळीत असल्याने हा पीळ शून्य असतो. जून आणि डिसेंबरमध्ये तो सर्वाधिक असतो, आणि सूर्य तेव्हा विरुद्ध बाजूंना असूनही पिळाची दिशा दोन्ही वेळी एकच असते. त्यामुळे वर्षभराची बेरीज शून्य होत नाही. चंद्रही हेच करतो, आणि अशी असमान ओढ अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलत असल्याने, वस्तुमान नगण्य असूनही केवळ जवळ असल्यामुळे त्याचा वाटा सूर्याच्या सुमारे दुप्पट भरतो.

स्थिर गोळ्याला असा पीळ बसला असता तर तो मुकाट्याने सरळ झाला असता. फिरत्या गोळ्याचा कोनीय संवेग (फिरण्याचा जोर आणि अक्षाची दिशा एकत्र दाखवणारे मान) मात्र पिळाच्या दिशेने बदलतो आणि ती दिशा अक्षाला काटकोनात असते. म्हणून अक्ष सरळ होण्याऐवजी बाजूला सरकतो आणि कल जवळपास तेवढाच ठेवून एका शंकूवर फिरत राहतो. येथे भोवऱ्याचे उदाहरण देण्याची पद्धत आहे आणि ते योग्यही आहे, फक्त त्यातला एक फरक सहसा सांगितला जात नाही: गुरुत्व भोवऱ्याला पाडू पाहते, तर सूर्य-चंद्र पृथ्वीला उभे करू पाहतात, त्यामुळे भोवऱ्याचा अक्ष त्याच्या फिरण्याच्याच दिशेने घुमतो आणि पृथ्वीचा तिच्या फिरण्याच्या उलट दिशेने. एक फेरी पूर्ण होण्यास सुमारे २५,८०० वर्षे लागतात. संपातबिंदू त्यामुळे तारकांमधून दर वर्षी ५०.३ विकलांनी (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) मागे, म्हणजे सूर्याला सामोरा, सरकतो आणि सूर्य त्याला वीस मिनिटे आधीच गाठतो. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात ग्रीक खगोलज्ञ हिपार्कस याने ही गती ओळखली. तिचे कारण न्यूटनने १६८७ मध्ये सांगितले.

संपात आणि निरयन राशिचक्राचा आरंभबिंदू यांच्यातील कोनाला अयनांश म्हणतात. प्रचलित गणिताप्रमाणे तो आज २४ अंशांहून थोडा अधिक आहे, म्हणूनच उत्तरायणानंतर सुमारे २४ दिवसांनी संक्रांत येते. हाच कोन इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या अखेरीस शून्य होता. तेव्हा सूर्य मकरेत शिरे त्याच दिवशी उत्तरायण सुरू होई. सहाव्या शतकातील ज्योतिषी वराहमिहिराने आपल्या बृहत्संहिता या ग्रंथात नोंदवले आहे की पूर्वीच्या शास्त्रांत उत्तरायणाचा आरंभ धनिष्ठा नक्षत्रापाशी सांगितला असला तरी आता तो मकरारंभी होतो. आणि शंका असल्यास उगवत्या-मावळत्या सूर्याचा दूरच्या खुणेने वेध घ्यावा किंवा मोठ्या वर्तुळात पडणारी सावली तपासावी, असेही तो सांगतो. शास्त्रवचन आणि आकाश यांत फरक पडला तर आकाशाकडे पाहावे, ही त्याची वृत्ती आपण पुढे बाजूला ठेवली आणि त्याच्या काळातले उत्तर तेवढे जपले.

आता पानिपत. इंग्रजी तारखा ऋतूंच्या वर्षाला धरून चालतात, म्हणून २१-२२ डिसेंबर जागच्या जागी राहतो आणि संक्रांत सरासरी ७२ वर्षांत एक दिवस पुढे जाते. वर्षागणिक ती सुमारे सहा तास नऊ मिनिटांनी उशिरा येते आणि लीप वर्षाचा जादा दिवस तिला पुन्हा मागे खेचतो, त्यामुळे हल्ली ती १४ आणि १५ जानेवारी यांच्यामध्ये हेलकावे खाताना दिसते. १२ जानेवारी १८६३ रोजी, स्वामी विवेकानंदांचा जन्म झाला त्या दिवशी, संक्रांत होती. आणखी मागे मोजत गेल्यास १७६१ ची संक्रांत १० जानेवारीला येते. लढाई झाली ती १४ जानेवारीला, पौष शुद्ध अष्टमीला. म्हणजे संक्रांत चार दिवस आधीच होऊन गेली होती.

संक्रांत यंदा कोणत्या वाहनावर बसून येते, कोणते वस्त्र नेसते आणि त्यामुळे काय महागणार, याची भाकितेही याच सुमारास फिरू लागतात. हे वाहन संक्रमणाच्या क्षणी चालू असलेल्या करणावरून, म्हणजे अर्ध्या तिथीवरून, ठरवतात. टिळक पंचांगात राशिचक्राचा आरंभ रेवती नक्षत्राच्या योगतारेपासून, म्हणजे खुणेच्या मुख्य ताऱ्यापासून, धरतात, त्यामुळे त्याची संक्रांत इतर पंचांगांच्या सुमारे चार दिवस आधी येते आणि करण बहुधा वेगळे पडते. बाजारभाव घरात कोणते पंचांग आहे यावर ठरतात, असे भाकीत करणाऱ्यांनाही म्हणायचे नसावे.

सरकते ते केवळ संक्रांत नव्हे. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते. ते सौर वर्षाशी जुळवण्यासाठी, ज्या चांद्रमासात सूर्याची एकही संक्रांत होत नाही तो अधिक मानतात. या संक्रांती निरयन असल्याने गुढीपाडवा, गणेशचतुर्थी, दसरा, दिवाळी हे सगळे सण तारकांना बांधलेले आहेत आणि ऋतूंच्या तुलनेत सुमारे २१५० वर्षांत एक महिना पुढे जातात. तीळ, गूळ, ऊस आणि सुगडातला हरभरा यांना थंडीच्या दिवसांत अर्थ आहे. पण हीच पद्धत चालू राहिली तर सुमारे तेरा हजार वर्षांनी तिळगूळ भर पावसाळ्यात वाटावा लागेल.

१९५२ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीपुढे हाच प्रश्न होता. तिने सुचवलेली राष्ट्रीय दिनदर्शिका ऋतूंच्या वर्षावर आधारलेली आहे आणि ती २२ मार्च १९५७ पासून, १ चैत्र शके १८७९ या तारखेने, अमलात आली. धार्मिक सणांसाठी समितीने मध्यममार्ग काढला: अयनांश २३ अंश १५ कलांवर (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) कायमचा स्थिर करावा, म्हणजे आजवर पडलेला फरक तसाच राहील, पण पुढे वाढणार नाही. पंचांगकर्त्यांनी सर्वसाधारणपणे राष्ट्रीय तारखा पानाच्या कोपऱ्यात छापणे स्वीकारले आणि अयनांश मात्र चालता ठेवला. तो त्यानंतर जवळपास एका अंशाने वाढला आहे.