दरवाज्याचे हँडल, आधुनिक (कोकण किनारपट्टी)

दार उघडताना हाताने धरायचा, दाबायचा किंवा ओढायचा भाग. आजच्या घरांत तो बहुधा कुलपाला जोडलेला असतो. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर हँडल निवडताना रंगरूपाच्या आधी खाऱ्या हवेचा विचार करावा लागतो. पुण्यात दहा वर्षे टिकणारे हँडल मालवणात दोन पावसाळ्यांत डागाळलेले दिसू शकते.

जुन्या चिरेबंदी घरांत बाहेरून कडी-कोयंडा, आतून अडसर आणि दार ओढून घ्यायला लोखंडी किंवा पितळी कडी असे. हलणारे भाग मोजके आणि उघड्यावर. तेलाचे बोट फिरवले की काम भागे. नव्या लिव्हर हँडलात (खाली दाबायच्या आडव्या दांडीच्या हँडलात) मात्र स्प्रिंग असते, दोन्ही बाजूंच्या दांड्या जोडणारा चौकोनी स्पिंडल म्हणजे सळई (बहुधा ८ मिमी) असतो आणि दाराच्या जाडीत कोरून बसवलेले मॉर्टिस कुलूप असते. यातले काहीच बाहेरून दिसत नाही, त्यामुळे गंज कळतो तो हँडल लोंबायला लागल्यावर. या साध्या, नक्षीविरहित घडणीवर युरोपातील आधुनिकतावादाची छाप आहे. जर्मन वास्तुरचनाकार वॉल्टर ग्रोपियस यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला रचलेले हँडल हा तिचा प्रसिद्ध नमुना. मुख्य दाराला उभे लांब पुल हँडल आणि कपाटांना नुसती खाच किंवा प्रोफाइल हँडल (कडेला बसवलेली धातूची पट्टी) ही रीत अलीकडची. गोल नॉब शक्यतो टाळावा. मासळी साफ करून किंवा नारळ खवून आलेल्या हाताला तो फिरत नाही, सांधे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे तर त्याने हालच होतात. लिव्हर कोपरानेही दाबता येतो.

खरा प्रश्न धातूचा. खोक्यावर नुसते ‘एसएस’ (स्टेनलेस स्टील) लिहिलेले असेल तर त्यावरून फारसे काही कळत नाही. ३०४ प्रतीच्या पोलादात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनमही असते आणि त्यामुळेच ते मिठाला जास्त दाद देत नाही. स्वस्तातल्या २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेले असते; किनाऱ्यावर ते लवकर डागाळते. दुकानात लोहचुंबक लावून पारख करतात, पण या तिन्हींना चुंबक जवळजवळ चिकटतच नाही, तेव्हा त्या पारखीवर विसंबू नये. जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव हँडलावरच्या क्रोम मुलाम्याला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले तरी ओल आत शिरते, फोड येतात आणि पापुद्रे सुटतात. सध्या आवडीच्या मॅट काळ्या हँडलांचा रंग बांगड्या आणि किल्ल्यांच्या घर्षणाने कडांवर आधी जातो. पितळ काळवंडते, हिरवे पडते, पण सहसा खिळखिळे होत नाही. चिंचेने किंवा आमसुलाने घासले की पुन्हा उजळते. समुद्राजवळच्या घराला भरीव पितळ किंवा ३१६ हीच योग्य निवड. स्क्रूही त्याच जातीचे हवेत: पितळी हँडलाला लोखंडी स्क्रू मारले, तर दोन धातू आणि खारी ओल एकत्र येऊन स्क्रू आधी खातात.

पावसाचा थेट मारा झेलणाऱ्या दारापेक्षा पडवीच्या आडोशातल्या दाराचे हँडल पुष्कळदा जास्त डागाळते, कारण त्यावर बसलेले मीठ पावसाने धुऊन जात नाही. महिन्यातून एकदा गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून कोरडे करावे. न्हाणीघरात फरशीला वापरलेल्या ॲसिडची वाफ स्टेनलेसलाही खाते. ते वापरलेच तर दार-खिडकी उघडी ठेवून पाणी भरपूर ओतावे.

पावसाळ्यात लाकूड फुगते, कुलपाची जीभ चौकटीवरच्या पट्टीच्या खाचेत बसत नाही आणि माणसे हँडल जोराने हिसकतात. दोष दाराचा, बोल हँडलाला. दाराच्या वरच्या-खालच्या कडांनाही पॉलिश किंवा रंग द्यावा, हे काम सुताराकडून हमखास राहते. पट्टीची खाचही थोडी मोठी करून घ्यावी.

शिमग्याला आणि गणपतीला उघडणाऱ्या चाकरमान्यांच्या घरांत आता स्मार्ट कुलपेही बसू लागली आहेत. मधले महिने घर बंद असते, बॅटरी उतरते, कधी तिच्यातला द्रव गळून संपर्कपट्ट्या खराब होतात. म्हणून साध्या किल्लीने उघडणारे किंवा बाहेरून तात्पुरता वीजपुरवठा जोडता येईल असेच कुलूप घ्यावे, आणि ती किल्ली गावातल्या शेजाऱ्यांकडे ठेवावी.