इंग्रजीतला भूतकाळ: साधा की अपूर्ण?

'व्हेन आय अराइव्ह्ड, शी मेड टी' आणि 'व्हेन आय अराइव्ह्ड, शी वॉज मेकिंग टी'. पहिल्या वाक्यात मी पोचल्यावर तिने चहा केला. दुसऱ्यात मी पोचलो तेव्हा चहाचं काम आधीच सुरू होतं. काळ दोन्हीकडे भूतच आहे, बदलली आहे ती घटनेकडे पाहण्याची जागा. साधा भूतकाळ घटना बाहेरून, आरंभ-शेवटासकट अख्खी दाखवतो. अपूर्ण भूतकाळ आपल्याला तिच्या मधोमध उभं करतो. भाषाशास्त्रात याला 'ॲस्पेक्ट' म्हणतात.

लांबलेल्या क्रियेला अपूर्ण भूतकाळ वापरायचा, हा समज मात्र सोडून द्यायला हवा. इंग्लंड-फ्रान्समधलं 'शंभर वर्षांचं युद्ध' १३३७ ते १४५३, म्हणजे ११६ वर्षं चाललं, तरी इंग्रजीत ते 'लास्टेड'च.

मधोमध उभं राहिलं की शेवट दिसत नाही. 'ही वॉज वॉकिंग' खरं असेल, तर 'ही वॉक्ड' हेही खरंच. पण 'ही वॉज ड्रॉइंग अ सर्कल' म्हटल्यावर वर्तुळ पुरं झालंच असं नाही. कुणी मध्येच पेन्सिल काढून घेतली असेल. हा पेच भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड डाउटी यांनी १९७० च्या दशकात नेमका मांडला. तो नुसता तर्काचा खेळ नाही. मानसशास्त्रज्ञ कॅरल मॅडन आणि रॉल्फ झ्वान यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वाचकांना वाक्यं आणि चित्रं दाखवली. साध्या भूतकाळातल्या वाक्यासाठी लोकांचा कल पूर्ण झालेल्या क्रियेच्या चित्राकडे होता. अपूर्ण भूतकाळात असा ठरावीक कल दिसला नाही. क्रियापदाचं रूप बदललं की डोक्यातलं चित्रही बदलतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता आपली अडचण. मराठीतलं '-त होतो' हे रूप ऐसपैस आहे. 'मी जेवत होतो' ही चालू क्रिया, 'आम्ही रोज चालत शाळेत जात होतो' ही सवय, 'मी त्यांना ओळखत होतो' ही स्थिती. तिन्ही त्यात मावतात. इंग्रजीतलं 'वॉज'-'इंग' यातली मुख्यतः पहिलीच जागा घेतं. म्हणून 'आय वॉज नोइंग हिम' चुकतं, 'आय न्यू हिम' हवं. रोजच्या शाळेसाठी 'वी वॉक्ड टू स्कूल एव्हरी डे' किंवा 'यूज्ड टू वॉक'. 'मला वाटत होतं तू घरी आहेस' याचंही 'आय थॉट यू वेअर ॲट होम' होतं. मराठी वाक्यातला 'होतो' पाहून 'वॉज' लिहिण्याआधी, त्या क्षणी ती क्रिया खरोखर चालू होती का, एवढं विचारावं.

राहण्याचं क्रियापद जरा निराळं. 'आय लिव्ह्ड इन पुणे' आणि 'आय वॉज लिव्हिंग इन पुणे' दोन्ही बरोबर आहेत. दुसऱ्यातून मात्र मुक्काम तात्पुरता होता किंवा त्याच सुमारास घडलेलं आणखी काही सांगायचं आहे, असं ऐकणाऱ्याला वाटतं.