हार्ड रॉक की हेवी मेटल : नव्या अल्बमच्या परीक्षणामागचा जुना तिढा

नवा अल्बम शुक्रवारी प्रसिद्ध झाला की त्याच दिवशी पुण्यात बसून त्याचे परीक्षण लिहिता येते, ही सोय फार जुनी नाही. १० जुलै २०१५ पासून जगभर शुक्रवार हा प्रकाशनाचा वार ठरला. त्याआधी ब्रिटनमध्ये सोमवारी आणि अमेरिकेत मंगळवारी नवे अल्बम येत, आणि आपल्यापर्यंत ते कधी पोहोचतील याला वारच नव्हता. वार एक झाला तरी परीक्षकापुढचा पहिला प्रश्न मात्र सुटलेला नाही. समोरचा अल्बम हार्ड रॉक म्हणून ऐकायचा की हेवी मेटल म्हणून, हे ठरल्याशिवाय त्यात काय शोधायचे तेच ठरत नाही.

दोन्ही प्रकारांचे मूळ ब्लूज या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीतात आहे. हार्ड रॉकने ते सोडले नाही. त्याच्या असंख्य रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या स्वराकृती, आपल्या धानी रागाच्या पाच स्वरांत बसतात आणि ठेक्यात एक झोका असतो. मेटलने हळूहळू तो झोका टाकून दिला. १३ फेब्रुवारी १९७० रोजी आलेल्या बर्मिंगहॅमच्या चौघांच्या, म्हणजे ब्लॅक सबाथ या बँडच्या, पहिल्या अल्बममध्ये पहिलीच रिफ षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्या ताणावर उभी आहे. त्यांच्या गिटारवादकाच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यात तुटली होती. तारांचा ताण कमी व्हावा म्हणून १९७१च्या अल्बममध्ये त्याने बऱ्याच ठिकाणी गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली, आणि तो खर्ज पुढे या संगीताची ओळख होऊन बसला. त्या पहिल्या अल्बमची तेव्हाच्या प्रतिष्ठित अमेरिकी नियतकालिकाने वाईट शब्दांत बोळवण केली. परीक्षकाने त्यात ब्लूजचा झोका शोधला आणि तो सापडला नाही म्हणून अल्बम नापास केला, असे माझे मत आहे. १९८१च्या जूनमध्ये लंडनच्या एका संगीत साप्ताहिकाची खास पुरवणी निघाली आणि तिचेच पुढे स्वतंत्र नियतकालिक झाले, तेव्हा कुठे या संगीताला त्याच्या निकषांवर जोखणारी जागा मिळाली.

ज्या निर्णयाने हा तिढा चव्हाट्यावर आणला, तो २२ फेब्रुवारी १९८९चा आहे. ग्रॅमी या अमेरिकेतील सर्वांत मानाच्या संगीत पुरस्कारांत त्या वर्षी प्रथमच हार्ड रॉक आणि मेटल यांच्यासाठी एक सामायिक विभाग ठेवला होता. पाच नामांकनांत थ्रॅश, म्हणजे अतिवेगवान मेटल, वाजवणारा कॅलिफोर्नियाचा मेटालिका हा बँड होता, त्याच संध्याकाळी मंचावर तो वाजलाही होता, आणि पुरस्कार त्यालाच मिळणार असे बहुतेकांनी धरले होते. नाव पुकारले गेले ते ज्याचा गायक बासरी वाजवतो अशा जेथ्रो टल या जुन्या ब्रिटिश बँडचे, जो समारंभाला आलेलाही नव्हता. सभागृहात हुर्यो उठली. नंतर विजेत्यांच्या कंपनीने जाहिरात देऊन बासरी हेही धातूचे जड वाद्य असल्याचे छापले, आणि पराभूत बँडने आपल्या अल्बमवर पुरस्कार हरल्याचे स्टिकर लावले. हा प्रसंग सहसा गंमत म्हणून सांगितला जातो, आणि त्यामुळे त्यातली खरी चूक झाकली जाते. मत देणाऱ्यांत सर्व प्रकारच्या संगीतातली मंडळी असतात आणि ती ओळखीच्या नावाकडे झुकतात, हे उघड आहे. पण विभागाचे नावच दोन वेगळ्या कसोट्यांना जोडणारे असेल, तर जाणकार मतदारानेही नेमके काय तोलायचे होते? पुढच्याच वर्षी विभाग दोन झाले, आणि मेटलचा पुरस्कार पहिली तिन्ही वर्षे त्याच कॅलिफोर्नियाच्या बँडला मिळाला. ती फाळणी योग्य होती.

पुण्यात हा वाद उशिरा आणि वेगळ्या वाटेने आला. नव्वदच्या दशकात कॅम्पातल्या किंवा डेक्कनवरच्या कॅसेटच्या दुकानात सारे काही ‘इंग्लिश’ या एकाच खणात असे. वसतिगृहांतून फिरणाऱ्या, एकीवरून दुसरीवर उतरवलेल्या कॅसेटवर बॉलपेनने लिहिलेले बँडचे नाव सोडले तर काहीच माहिती नसे. त्यामुळे इथल्या श्रोत्याला प्रकाराचा शिक्का न बघता ऐकण्याची सवय लागली, आणि ती मला मोलाची वाटते. तिचा तोटाही होता. उतरवताना झांजांचा आवाज मरत असे, म्हणून ध्वनिमुद्रणाविषयीची मते कच्ची राहत. १९८९मध्ये हरलेल्या त्या बँडच्या १९८८च्या अल्बममध्ये बास गिटार ऐकूच येत नाही, याचा दोष कित्येकांनी कॅसेटला दिला. सीडी हाती आल्यावर कळले की मूळ मिश्रणातच बास दाबलेला आहे. १९९३ मध्ये अलाहाबादेतून निघालेल्या एका इंग्रजी नियतकालिकाने भारतीय बँडना हक्काची जागा दिली. मराठीत मात्र डिसेंबरच्या महोत्सवातल्या गायनावर दुसऱ्या दिवशी परीक्षण वाचणाऱ्या या शहरातही या संगीताचे परीक्षण तुरळकच राहिले.

ध्वनिमुद्रणाचा मुद्दा पुढे ऐरणीवर आला तो सप्टेंबर २००८ मध्ये. मेटालिकाचा नवा अल्बम लहान-मोठ्या आवाजातला फरक दाबून इतका कर्कश काढला होता की व्हिडिओ गेममधली त्याची गाणी अधिक मोकळी वाजत होती, आणि हे श्रोत्यांनी आधी पकडले. तेव्हापासून परीक्षणात मिश्रण आणि मास्टरिंग, म्हणजे प्रकाशनाआधीचा ध्वनीवरचा शेवटचा हात, यांवर दोन वाक्ये लिहिणे रूढ झाले.

पुरस्कारांनी मात्र उलटी पावले टाकली. २०१२ मध्ये दोन्ही विभाग पुन्हा एकत्र केले गेले. २०१४ मध्ये मेटलला स्वतंत्र विभाग परत मिळाला आणि हार्ड रॉकला सर्वसाधारण रॉकमध्ये ढकलले गेले. याचा परिणाम परीक्षणांवर दिसतो. झोक्यावर चालणाऱ्या अल्बमला ‘पुरेसा जड नाही’ असे गुण कापले जातात, म्हणजे ठुमरीत ध्रुपदाचा भारदस्तपणा नाही म्हणून नाराज व्हावे तसे. पुण्यातल्या बँडला आता स्वतःचा अल्बम वितरणासाठी चढवतानाच प्रकार निवडावा लागतो, त्यामुळे परीक्षकाकडे तो येतो तेव्हा त्यावर शिक्का बसलेलाच असतो. तो न वाचता अल्बम दोनदा सलग ऐकावा, ठेका झुलतो की ठोकतो हे टिपावे, आणि प्रकाराचे नाव तिसऱ्या ऐकण्यानंतर लिहावे. उतरवलेल्या कॅसेटच्या काळात इथे असेच ऐकले जात होते.